विमान टाळून लंडन ते अ‍ॅमस्टरडॅम

प्रश्न : मुलगी लंडनला शिकते. तिच्याकडून अ‍ॅमस्टरडॅमला आम्हा दोघांना रेल्वे आणि बोटीने जायचंय. कसं जमवावं?

उत्तर : इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हारविच बंदरातून रात्रीची बोट घ्या. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून हारविच इंटरनॅशनल स्टेशन रेल्वेने सुमारे दीड तास. थेट गाडी नसेल तर मॅनिंगट्रीला बदला. बोट रात्री ११च्या सुमारास सुटते, पण चेक-इन आधीच बंद होतं, म्हणून एक गाडी अलीकडचीच पकडा. रात्री केबिन घ्यावीच लागते. रेल्वे-बोटीचं एकत्र तिकीट बहुधा स्वस्त पडतं. नेदरलँड्ससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) हवाच, आणि लंडनला परतायचं तर ब्रिटनचा व्हिसाही चालू हवा.

सकाळी ८ला नेदरलँड्सचं बंदर हूक व्हान होलांड. समोरच मेट्रोची ‘बी’ लाइन आहे. स्खिडाम सेंट्रुम स्टेशनला उतरून अ‍ॅमस्टरडॅमची रेल्वे घ्या. नेमकी इथेच गफलत होते : मेट्रोच्या कार्ड वाचणाऱ्या खांबावर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवून बाहेर पडायचं, मग रेल्वेच्या वेगळ्या खांबावर पुन्हा टेकवायचं. दोघांना दोन कार्डं, आणि प्रत्येकाने शेवटपर्यंत आपलंच वापरायचं. तेच कार्ड फोनमधून टेकवलं तर ते वेगळं धरलं जातं.

मोटारगाडी मात्र बोटीत चढवू नका. त्याने माणशी कार्बन कैक पटींनी वाढतो.