ट्रायल घ्या, पण ॲडव्हान्स भरण्याआधी

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: ‘लग्नाला तीन महिने आहेत आणि खर्च मी माझ्या बचतीतून करतेय. एका मेकअप आर्टिस्टचं काम मनापासून आवडलंय. ट्रायलचे, म्हणजे लग्नाआधी एकदा करून बघायच्या मेकअपचे, त्या वेगळे पैसे घेतात, पॅकेजच्या साधारण एक दशांश. बुकिंगसाठी निम्मी रक्कम आधी भरायची, ती परत मिळत नाही, आणि ट्रायल त्यानंतर. बहीण म्हणते, ट्रायल सोडून दे, तेवढेच वाचतील. मैत्रिणी म्हणतात, तिघींकडे ट्रायल घे. त्यातच पार्लरनं तीन महिन्यांचं प्री-ब्रायडल पॅकेज, म्हणजे लग्नाआधीची फेशियल वगैरे, हप्त्यांवर देऊ केलंय. काय करू?’

ट्रायल घ्या. सध्या एकीकडेच घ्या. पण निम्मी रक्कम भरण्याआधी घ्या. आणि हप्त्यांवरचं पॅकेज राहू द्या.

तुमच्या बहिणीचा विचार चुकीचा नाही, फक्त हिशेब अर्धवट आहे. पॅकेज १०० धरू. मग ट्रायल १० आणि ॲडव्हान्स ५०. ट्रायल न घेता बुकिंग केलंत आणि लग्नाच्या सकाळी आरशात पाहून मन खट्टू झालं, तर ५० नव्हे, १०० गेले. त्या वेळी कोणी खुर्चीतून उठून दुसरीकडे जात नाही. आधी ट्रायल घेतली आणि काम पटलं नाही, तर फक्त १० गेले. म्हणजे न आवडण्याची शक्यता दहात एक जरी वाटत असेल, तरी ट्रायलचे पैसे वसूल होतात. जिचा हात तुमच्या चेहऱ्याला एकदाही लागलेला नाही, तिच्याबाबत ही शक्यता त्याहून कमी धरायला मी तरी तयार नाही. याच आर्टिस्टनं पूर्वी कधी तुमचा असाच मेकअप केला असता आणि तो आवडला असता, तर मी बहिणीच्या बाजूनं बोललो असतो.

आता क्रमाचं. खरी गोम इथेच आहे. ५० अडकल्यानंतर होणाऱ्या ट्रायलमध्ये लिपस्टिकचा रंग बदलता येईल, अंबाडा थोडा खाली घेता येईल, पण आर्टिस्ट बदलता येणार नाही. आणि पैसे भरून झाले की माणूस स्वतःची समजूत घालायला लागतो. ‘तसं बरंच दिसतंय की’ असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा बोलत असतात ते गेलेले पैसे. म्हणून आर्टिस्टना सरळ विचारा: ट्रायलचे पूर्ण पैसे मी आधी भरते, त्यानंतर तीन-चार दिवस माझी तारीख धरून ठेवाल का? पटलं की लगेच ॲडव्हान्स देते. त्यांचीही बाजू समजून घ्यायला हवी. तारीख अडवून ठेवली आणि तुम्ही नाही म्हणालात, तर त्यांचं त्या दिवसाचं काम बुडतं. त्यामुळे नुसत्या शब्दावर त्या तयार झाल्या नाहीत, तर छोटी टोकन रक्कम द्या आणि बाकीचा ॲडव्हान्स ट्रायलनंतर, असं ठरवा. ट्रायलचे पैसे शेवटच्या बिलातून वळते होतात का, हेही विचारा. काही जणी करतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

तिघींकडे ट्रायल म्हणजे ३० झाले. तेवढे घालवायची गरज नाही. पहिली निवड फोटो पाहूनच करा, पण फिल्टर न लावलेले, दिवसाच्या उजेडातले आणि तुमच्यासारख्याच वर्णाच्या मुलींचे फोटो मागून घ्या. पहिल्या ट्रायलनं निराशा केली, तरच दुसरीकडे जा. आणि तेवढा वेळ हाताशी राहावा, म्हणून ट्रायल लग्नाच्या सहा ते आठ आठवडे आधीची ठरवा.

ट्रायलसाठी पैसे मोजता ते एका संध्याकाळच्या मेकअपसाठी नाही, माहितीसाठी. तयारीशिवाय गेलात तर ही माहिती अर्धीच हाती येते, म्हणून तयारीबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पोशाख ठरल्याशिवाय ट्रायलची वेळ घेऊ नका. त्या दिवशी पोशाखाच्याच रंगाचं आणि तशाच गळ्याचं काहीतरी घालून जा. पांढऱ्या टी-शर्टवर शोभणारा बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, गडद रंगाजवळ फिका वाटू शकतो. कानातले, केसांत माळायच्या वस्तू आणि एक्सटेन्शन लावणार असाल तर ती, सगळं बरोबर न्या. केस धुवायचे कधी हे आर्टिस्टनाच विचारा. बहुतेक जणी आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवलेले, तेल न लावलेले केस मागतात. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग त्याच दिवशी नको, लाल झालेल्या त्वचेवर बेसचा अंदाज चुकतो. संदर्भाचे फोटो तीन-चारच न्या, त्यातला एक मुद्दाम न आवडणारा. ‘नॅचरल’ या शब्दाचा प्रत्येकीचा अर्थ वेगळा असतो, पण नको असलेला फोटो दाखवला की गैरसमजाला जागा राहत नाही.

त्वचा नाजूक असेल, तर खोट्या पापण्यांच्या गोंदाची आणि केस रंगवणार असाल तर त्या रंगाची पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडंसं लावून पाहायची चाचणी, निदान ४८ तास आधी करून घ्या. ॲलर्जी बऱ्याचदा लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. ही टेस्ट बहुधा फुकटात होते, आणि ती टाळल्यामुळे पुढे होणारा डॉक्टरांचा खर्च लग्नाच्या बजेटमध्ये कोणीच धरलेला नसतो.

मेकअप पूर्ण झाला की खुर्चीसमोरच्या दिव्यात पाहून निर्णय देऊ नका. तो दिवा सगळ्यांनाच सुंदर दाखवतो. खिडकीशी जा, हनुवटी किंचित वर करा आणि जबड्याखाली जिथे फाउंडेशन संपतं तिथला फोटो काढायला सांगा. चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची असेल, तर ती रेघ इथेच सापडते. मग खोली अंधारी करून फ्लॅशनं एक फोटो काढा. डोळ्यांखाली पांढरे डाग उमटले, तर पावडर बदलायला सांगा, कारण सिलिका असलेल्या काही पावडरी फ्लॅशमध्ये अशाच चमकतात. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. तयारीला किती वेळ लागला, तेही लिहून ठेवा. लग्नाच्या सकाळचं वेळापत्रक त्यावरच बेतायचं आहे.

घरी आल्यावर लगेच चेहरा धुऊ नका. सहा-सात तास तसंच राहा, जेवा, हिंडा-फिरा, थोडा घाम येऊ द्या. कुठली पिन टोचते, नाकाशेजारचा बेस कधी फुटतो, अंबाडा कधी सैल होतो, हे संध्याकाळीच कळतं.

आणि खुर्चीत असतानाच बोला. संकोचापोटी गप्प राहणं हा ट्रायलमधला सगळ्यात महागडा खर्च आहे. भुवया जाड वाटल्या तर तिथल्या तिथे सांगा. चांगली आर्टिस्ट दुखावत नाही, उलट तिला तेच हवं असतं. सोबत एकीलाच न्या, जी तोंडावर खरं सांगते. तुमची बहीण चालेल. पाच जणींची पाच मतं ऐकण्यात ट्रायलची वेळ संपून जाईल.

काम पटलं, तर ॲडव्हान्स भरण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या, साध्या मेसेजमध्ये लिहून आल्या तरी पुरे: लग्नाच्या दिवशी त्या स्वतः येणार की सहायक येणार, किती वाजता, प्रवासखर्च कोणाचा, घरातल्या इतर कोणाचा मेकअप धरलाय का, तारीख पुढे गेली तर ॲडव्हान्सचं काय, आणि त्या आजारी पडल्या तर पर्याय काय.

पार्लरच्या पॅकेजबद्दल मी ठाम आहे. ज्याचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, त्यासाठी लग्नानंतरही हप्ते फेडत राहायचे, हे तुमच्यासारख्या स्वतःच्या बचतीवर उभ्या असलेल्या मुलीनं करू नये. ‘बिनव्याजी’ म्हटलं असेल, तर प्रोसेसिंग फी किती आणि रोखीनं घेतल्यास किती कमी होतं, एवढं विचारा. व्याज कुठे दडलंय ते समजेल. शिवाय आयत्या वेळी केलेला नवा पील (त्वचेचा वरचा थर काढणारा उपचार) किंवा अनोळखी फेशियल उलटू शकतो, त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात तसलं काही नकोच. त्वचेचा खरोखर त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञांची एक भेट घ्या, ती पॅकेजपेक्षा स्वस्त पडेल. तीन महिने हाताशी आहेत, तेव्हा हीच वेळ योग्य.

ट्रायलचे १० लग्नाच्या खर्चातूनच काढा, अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांतून नको. बजेट गच्च भरलं असेल, तर मेकअपच्या पॅकेजमधली एखादी जादा गोष्ट कमी करता येते का ते पाहा. दुसऱ्या लूकची गरज आहे का, हे तर आर्टिस्टना ट्रायलच्याच दिवशी विचारता येईल.