वितळणे, विरघळणे, मऊ पडणे

प्रश्न असा आहे : दोन प्लास्टिकांच्या मिश्रणाविषयी मराठीत लिहिताना ‘मेल्ट होणे’ याला वितळणे म्हणावे की विरघळणे, आणि असे मिश्रण ‘एकजीव’ आहे असे शास्त्रीय लेखनात लिहिलेले चालेल का?

‘बर्फ विरघळला’ असे आपण सर्रास बोलतो. लेखनात मात्र भेद पाळलेला बरा. मीठ पाण्यात विरघळते, मेण उष्णतेने वितळते; विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, वितळायला उष्णता पुरते. बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरांच्या, बाबतीत एवढ्याने भागत नाही. थर्मोकोल ज्याचा बनतो ते पॉलिस्टायरीन टोल्युईन या द्रावकात विरघळते आणि १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, पण नेमक्या अर्थाने ते कधीच वितळत नाही. कारण वितळणे म्हणजे स्फटिकाची रचना मोडणे, आणि नेहमीच्या पॉलिस्टायरीनच्या साखळ्या, म्हणजे त्याचे लांबच लांब रेणू, इतक्या अनियमित असतात की त्यांचे स्फटिक मुळात बनतच नाहीत. ‘पेट’ (PET) या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत उकळते पाणी ओतले की ती आखडते, तिची मान तिरपी होते, आणि घरात कोणीतरी म्हणते, ‘बाटली वितळली.’ ती मऊ पडलेली असते, ७०–८० अंशांना. तिच्यातील स्फटिक वितळायला सुमारे २५० अंश लागतात.

या मऊ पडण्याला ‘काच-संक्रमण’ असा शब्द रूढ आहे. तो मला फारसा आवडत नाही, कारण वाचक खिडकीची काच शोधू लागतो. तरीही ‘मृदू होण्याचे तापमान’ या नावाखाली कारखान्यांत वेगळीच चाचणी होत असल्याने तो टाळता येत नाही. पहिल्या उल्लेखात त्याचा अर्थ सांगावा, म्हणजे झाले.

‘एकजीव’ हा शब्द मात्र अवश्य वापरावा. पीठ आणि तेल एकजीव झाले की वेगळे दिसत नाहीत. तसेच पॉलिस्टायरीन आणि पॉलिफेनिलीन ऑक्साइड हे कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात आणि मिश्रणाला एकच काच-संक्रमण तापमान येते, जे दोघांच्या तापमानांच्या मध्ये कुठेतरी पडते. दोन तापमाने दिसली, तर घटक एकजीव झालेले नाहीत. ही परीक्षा काच-संक्रमणावरून करावी, वितळण्यावरून नव्हे, कारण द्रवरूपात एकजीव असलेले घटकही थंड होताना आपापले स्फटिक वेगळे बांधू शकतात.

येथे वचनाचाही प्रश्न येतो. उच्च घनतेचे पॉलिथिलीन सुमारे १३० अंशांना वितळते, पॉलिप्रोपिलीन १६० ते १६५ अंशांना; दोन्ही एकत्र करून तापवली तरी शोषलेल्या उष्णतेच्या आलेखावर वितळण्याची दोन शिखरे उमटतात. तेव्हा ‘मिश्रणाचा वितळबिंदू’ हे एकवचन चुकते. ‘मिश्रणातील घटकांचे वितळबिंदू’ असे लिहावे.