कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी एकदा बाहेरच चालू करून बघ

नव्या कॉम्प्युटरचे सगळे पार्ट आले की थेट कॅबिनेटमध्ये कोंबायची घाई करू नकोस. मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव. प्रोसेसर, कूलर, एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) आणि रॅमची एकच पट्टी लाव. दोन्ही असल्या तरी एकच, आणि बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर तो प्रोसेसरपासून दुसरा असतो. पॉवर सप्लायची २४ पिनांची केबल लाव, आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांचीही. ही दुसरी मीही पहिल्यांदा विसरलो होतो. पंखे फिरत होते, स्क्रीन मात्र काळी! तासभर रॅमला शिव्या दिल्या.

बोर्डावरच्या, पॉवर स्विचसाठी असलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव, मशीन सुरू होईल. भलत्या पिनांना मात्र लावू नकोस. डीडीआर५ या पिढीची रॅम असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन कोरी राहू शकते, लगेच बंद करू नकोस. इंटेलचा नावात ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेतला असशील, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाशिवाय चित्र दिसणारच नाही.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या स्क्रीनवर, रॅम आणि एसएसडी दिसली, तापमान भराभर चढत नसलं, की दुसरी पट्टी लाव. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालू दे. एक जरी एरर आली तरी पट्ट्या एकेक करून तपास आणि जिच्यात एरर येते ती बदलून घे.