अमेरिकेतून येणारा कॅमकॉर्डर आणि रात्रभराचा दशावतार

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. सासरे दशावतारी कंपनीत आहेत, त्यांची नाटकं आणि रंगपटातली तयारी दाखवणारा व्हिडिओ ब्लॉग सुरू करायचाय. मामेभाऊ गणपतीला ह्यूस्टनहून कुडाळला येतोय, तिकडे ४के कॅमकॉर्डर इथल्यापेक्षा बराच स्वस्त मिळतोय आणि संपादनासाठी घरी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. तर कॅमेरा मागवावा का, असं तुम्ही विचारलंय.

मागवू नका. निदान मी जे सोसलंय ते वाचून मग ठरवा.

माझाही कॅमकॉर्डर असाच नातेवाइकाच्या बॅगेतून आलेला. कॅमेरा उत्तम होता, त्याबद्दल तक्रार नाही. ऐन जत्रांच्या हंगामात त्याचा झूम अर्ध्यात अडकला आणि पडद्यावर लेन्सची चूक दाखवायला लागला. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात घेऊन गेलो. नाव घेत नाही, शहरही सांगत नाही. काउंटरवरच्या माणसाने पावती केली, तपासणीचे पैसे आधी घेतले आणि कॅमेरा आत गेला. त्यानंतर फोन केला की दर वेळी नवीन माणूस आणि एकच उत्तर, "इंजिनीअर बघतायत". शेवटी स्वतः जाऊन उभा राहिलो, तेव्हा कळलं की हे मॉडेल भारतात विकलंच जात नाही, त्यामुळे त्याचे सुटे भाग त्यांच्या यादीत नाहीत आणि ते मागवताही येत नाहीत. अहो, मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? मॉडेल नंबर कॅमेऱ्याच्या पोटाखाली छापलेला होता, पावतीवर त्यांनीच तो लिहून घेतला होता. लेखी कारण मागितलं तर पावतीच्या कोपऱ्यात "पार्ट नॉट अव्हेलेबल" एवढे तीन शब्द खरडून दिले. तपासणीचे पैसे परत नाहीत. आणि कॅमेरा हातात घेतला तर बुडाचा एक स्क्रू गायब. त्यावर "आधीच नसेल" असं उत्तर. संपूर्ण हंगाम हातचा गेला. त्या वर्षी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या नटाने शेवटचं काम केलं, त्याचं चित्रीकरण माझ्याकडे नाही. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

म्हणून सांगतो, तिकडची वॉरंटी इकडे चालेल असं दुकानदार तोंडी म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. भारतातलं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड असलेलाच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. सेवा केंद्रात काहीही दुरुस्तीला देताना समोरच मॉडेल नंबर वाचून दाखवा आणि "याचे भाग इथे मिळतात" हे पावतीवर लिहून घ्या. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मला तेव्हा कोणी हे सांगितलं नव्हतं. मुंबईत फोर्ट भागात कॅमेरे दुरुस्त करणारे जुने कारागीर आहेत, माझा झूम शेवटी तिथेच सुटला. मात्र हंगामाच्या मध्यावर कुडाळहून तिथे खेपा घालणं तुम्हाला परवडणार नाही.

दुसरं कारण तांत्रिक आहे आणि ते विकणारा सांगत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेची ६०. विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे इथले दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, तर तिकडचे बरेच कॅमकॉर्डर सेकंदाला ६० किंवा ३० चित्रंच घेतात आणि त्यात ५० चा पर्याय मेनूतही नसतो. डोळ्याला काही जाणवत नाही, पण ट्यूबलाइटखाली काढलेला रंगपट घरी येऊन बघाल तर सगळं चित्र लकलकतं. शटर, म्हणजे एका चित्राला प्रकाश घेण्याचा वेळ, हाताने १/१०० सेकंदावर ठेवला की ते थांबतं, पण प्रकाश कमी मिळतो आणि रात्रीच्या चित्रात दाणे येतात. स्वस्त कॅमकॉर्डरमध्ये तर शटर हातात दिलेलाच नसतो. इथे घेतलेला, ५० वर चालणारा कॅमेरा १/५० वर ठेवा आणि विसरून जा. जनरेटरवर जत्रा असेल तर मात्र नाटक सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं चित्रित करून बघा, कारण जनरेटरची वारंवारिता पन्नासवर टिकेलच असं नाही.

आता ४के. तुमचं नाटक सुरुवातीच्या आडदशावतारापासून पहाटे शेवटचा दहीकाला होईपर्यंत चालणार. सेकंदाला १०० मेगाबिट (साडेबारा मेगाबाइट) लिहिणाऱ्या ४के चित्रीकरणाला तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे पाच तासांना २२५. तेच २८ मेगाबिटच्या फुल एचडीला तासाला साधारण साडेबारा जीबी. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४के ओढत बसण्यापेक्षा फुल एचडी, सेकंदाला ५० पूर्ण चित्रं, हा पर्याय घ्या. युद्धाच्या नाचातल्या गिरक्या त्यात छान दिसतात. एकटीच चित्रीकरण करणार असाल आणि नंतर चौकट कापून जवळचं दृश्य काढायचं असेल, तरच ४केला अर्थ आहे. हे माझ्या कामापुरतं मत आहे. स्वयंपाकाचे किंवा प्रवासाचे छोटे व्हिडिओ करणाऱ्यांनी ते जसंच्या तसं घेऊ नये. मेमरी कार्ड घेताना व्ही३० (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट) लिहिलेलं घ्या. क्लास १० म्हणजे सेकंदाला १० मेगाबाइट लिहिण्याची हमी, ती ४केच्या सेकंदाला साडेबारा मेगाबाइटला पुरत नाही.

फोटोच्या कॅमेऱ्यावर भागेल का, असंही शेवटी विचारलंय. जुने बरेचसे २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप बंद पडतात. युरोपात अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यावर वेगळा आयातकर होता, तो चुकवायला ही मर्यादा घातलेली. बऱ्याच नव्यांत ती राहिलेली नाही, पण ते तापतात. रात्रभराच्या कामाला कॅमकॉर्डरच बरा, आणि तो चार्जरवर लावून चालू राहतो ना, हे दुकानातच तपासा.

स्वयंचलित प्रकाशमापन बंद ठेवा. आडदशावतारातला संकासुर हा असुर आला की नखशिखांत काळा वेश चौकट भरून टाकतो, कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला आणि तो सगळं उजळवतो. मागचा पडदा फटफटीत होतो, आणि लगेच राजा आला की त्याच्या रंगवलेल्या चेहऱ्यावरचे नाक-डोळेच दिसेनासे होतात. चेहऱ्यावर प्रकाश ठरवा आणि लॉक करा.

आवाजासाठी वाचलेले पैसे घाला. कॅमेऱ्याचा माइक प्रेक्षकांतली पोरं आणि खाज्याच्या दुकानावरचा गोंगाट आधी पकडतो. पेटी, पखवाज आणि झांज मिक्सरवरून घेता येतात, पण मिक्सरची तार थेट माइकच्या भोकात घालू नका, आवाज फाटतो. छोटा वेगळा रेकॉर्डर घ्या, त्याची पातळी झांजेवर ठरवा, कारण सगळ्यात मोठा आवाज तिचाच. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा म्हणजे जुळवायला सोपं जातं. दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात थोडी सरकतात, तेव्हा प्रत्येक प्रवेशाला पुन्हा जुळवावं लागेल.

लॅपटॉप तूर्त बदलू नका. केडेनलाइव्ह हे संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात प्रॉक्सीची सोय आहे: संपादनापुरत्या हलक्या प्रती बनतात, शेवटी मूळ फाइल वापरली जाते. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती जास्त ताकदीची, पण तिला १६ जीबी रॅम हवी. फाइली ठेवायला एक एसएसडी (वेगवान डिस्क) मात्र घ्याच. कार्डावरून फक्त व्हिडिओच्या फाइली ओढून घेऊ नका, पूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. लांबलचक चित्रण कॅमेरा तुकड्यांत साठवतो, आणि सुटे तुकडे जोडताना सांध्यावर आवाज तुटू शकतो. नेमकं गाणं चालू असताना तुटलं की फार वाईट वाटतं.

यूट्यूबवर खातं मोबाइल नंबरने पडताळून घ्या, नाहीतर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. कंपनीच्या मालकांची परवानगी लेखी घ्या, सासरे त्याच कंपनीत असले तरी. आख्यान पूर्ण टाकायचं की तुकडे, हे त्यांनाच ठरवू द्या. पूर्ण नाटक फुकट दिसलं तर पुढच्या गावची सुपारी जाईल अशी धास्ती बऱ्याच मालकांना असते, आणि ती मला रास्त वाटते.

बजेट किती ते कळवा, म्हणजे मॉडेलची नावं सुचवता येतील. मामेभावाला काही आणायला सांगायचंच असेल तर चांगला ट्रायपॉड सांगा. त्याला ना वॉरंटी लागते, ना हर्ट्झ.