ॲनिमेटेड फँटसी मालिका बघण्यासारखी कशामुळे ठरते?

माझ्या मते आधी जादूला वेसण हवी. कुणालाही कधीही काहीही करता येत असेल, तर नायक संकटात सापडला तरी आपला जीव टांगणीला लागत नाही. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ (२००५ ते २००८) बघा. आगीवर हुकमत असणाऱ्यांची ताकद सूर्यग्रहणात पार नाहीशी होते, पाणीवाल्यांची पौर्णिमेला वाढते आणि लढायांचे डाव त्यावरच रचले जातात. हालचालीसुद्धा उगाच केलेले हातवारे नाहीत. पाण्यासाठी ताई ची, आगीसाठी उत्तर शाओलिन, अशा खऱ्या युद्धकलांवरून त्या घेतल्यात. पात्र कुठलं, हे ते लढतं कसं यावरूनच कळतं.

दुसरं म्हणजे पात्रं बदलायला हवीत, तीही सावकाश. यातला झुको म्हणजे बापाने चेहरा भाजून हाकललेला राजपुत्र. तो दुसऱ्या सीझनच्या शेवटी ऐन मोक्याला कच खातो, म्हणून तर त्याचं पुढचं सुधारणं पटतं.

चित्रं सुंदर हवीतच, पण नुसत्या चकचकाटावर मी दोन भागांपुढे टिकत नाही. आणि शक्यतो पूर्ण झालेली मालिका निवडा. अर्ध्यात बंद पडलेलीचा फार मनस्ताप होतो.