मांजरीने मेलेला पक्षी घरात आणला, आता काय करू?

प्रश्न : डॉक्टर, आमची मनी दिवसभर बाहेर हुंदडते. परवा सकाळी तोंडात मेलेला पक्षी घेऊन आली आणि थेट सोफ्याखाली घुसली, मी घाबरून तो नुसत्या हातानेच ओढून काढला. बर्ड फ्लूच्या बातम्या वाचून झोप उडालीये. तिला कच्चं चिकन पण खूप आवडतं, पण ते फ्रीजरमधलं असतं म्हणजे चालेल ना? घरात कुत्रापण आहे.

उत्तर : पक्षी मेला म्हणजे बर्ड फ्लूनेच मेला असं नसतं, त्यामुळे लगेच धाबं दणाणू देऊ नका. साबणाने हात धुतले असतीलच, नसतील तर आधी उठून धुवा, सोफ्याखालची फरशी जंतुनाशकाने पुसा आणि दहा दिवस स्वतःला ताप, खोकला येतोय का, डोळे लाल होतायत का एवढं बघा. पुढच्या वेळी ग्लोव्हज, नाहीतर हातावर पिशवी उलटी चढवून उचला.

मला खरी काळजी तुमच्या चिकनची वाटते. फ्रीजरमध्ये हा विषाणू मरत नाही, उलट मस्त टिकतो! 2004 मध्ये थायलंडच्या एका प्राणिसंग्रहालयात कच्च्या कोंबड्या खाऊन कितीतरी वाघ दगावले, आणि मनी शेवटी वाघाचीच मावशी. 2024 मध्ये अमेरिकेत टेक्ससच्या गोठ्यांवर आजारी गायींचं कच्चं दूध पिऊन मांजरं मेली. म्हणून चिकन आतपर्यंत नीट शिजवा, 74 अंश सेल्सिअसला विषाणू मरतो, आणि दूध द्यायचंच तर उकळून. चार दिवस बिनशिजवलेलं दिलं नाही तर ती रुसेल, रुसू दे.

कुत्र्यांना धोका बराच कमी, पण अगदीच नाही असं नाही, 2023 मध्ये कॅनडात रानटी हंस चघळलेला एक कुत्रा गेला होता. फिरायला नेताना पट्टा सोडू नका, आणि तुमच्या भागात साथ असेपर्यंत मनीला घरातच ठेवा, ती दारापाशी बसून कितीही ओरडली तरी. बाहेरच्या चपलासुद्धा दाराबाहेरच, पक्ष्यांची विष्ठा त्यांना लागून आत येते.

मनी खायची बंद झाली, गळून गेली, धाप लागली, नाका-डोळ्यातून पाणी यायला लागलं किंवा चालताना तोल जाऊ लागला, झटके आले, तर थांबू नका. पण दवाखान्यात थेट घेऊन जायच्या आधी फोन करून पक्ष्याची गोष्ट सांगा, म्हणजे ते तिला बाकीच्या जनावरांपासून लांब ठेवायची सोय करतील.