तिसऱ्या मॉनिटरसाठी दुसरं कार्ड

प्रश्न : उदगीरला माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. माझ्या कॉम्प्युटरच्या जीटी ७१० ग्राफिक्स कार्डावरच्या मॉनिटर जोडायच्या दोन्ही जागा भरल्यात, तिसरा मॉनिटर हवाय. दुसरं कार्ड टाकलं तर चालेल का? एसएलआय लागतं का?

उत्तर : चालेल, ताई. एसएलआय गेमसाठी दोन कार्डांची ताकद जोडायला होतं. नुसते मॉनिटर वाढवायला विंडोजला दोन सुटी कार्डं पुरतात. पण खर्च करण्याआधी मदरबोर्डाची मागची बाजू बघा. तिथं एचडीएमआय (मॉनिटरची केबल लावायची जागा) रिकामं असेल आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ चालू करा. कार्ड बसवलं की पुष्कळ बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतात.

कार्डच घ्यायचं ठरलं, तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आधी जुळवा, कारण एनव्हिडिया कंपनीच्या दोन्ही कार्डांना मिळून एकच ड्रायव्हर लागतो. जीटी ७१० ला एनव्हिडियाचा ४७० मालिकेपर्यंतचाच ड्रायव्हर चालतो, आरटीएक्स ४०६० या नव्या कार्डाला त्याहून नवा लागतो. लातुरात एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर अशाच जोडीपायी माझा अख्खा रविवार गेला. एक पडदा उजळला की दुसरा काळा. जीटीएक्स १६५० कार्ड मात्र ४७० ड्रायव्हरवर चालतं.

दोन कार्डांत बोटभर तरी फट ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात चिकटलेल्या कार्डाच्या पंख्याला हवाच मिळत नाही.